छावणी उठली, बाजार राहिला

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यातील व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. या पाळण्याची दोरी एकेकाळी बऱ्याच अंशी लष्कराच्या हाती होती, ही गोष्ट मात्र आता फारशी कोणाच्या स्मरणात राहिलेली नाही. १८२७ साली जालन्यास हैदराबाद कंटिंजंटची छावणी वसली आणि १९०३ साली ती उठली. मधली शहात्तर वर्षे म्हणजे व्यापारी घराण्याच्या तीन पिढ्या. आजोबांनी छावणीकडे पाहून दुकान मांडले, वडिलांनी ते वाढवले आणि नातवाच्या हाती किल्ल्या आल्या तेव्हा गिऱ्हाईकच निघून गेले, असा हा काळ आहे.

हैदराबाद कंटिंजंट ही निजामाच्या खर्चाने पोसलेली, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी फौज होती. तिच्या पगाराची थकबाकी वाढत गेली, म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन आणि निजाम महबूब अली खान यांच्यात नवा करार झाला. वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले आणि कंटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. त्याबरोबर जालन्याची छावणी संपली. सह्या राजधानीत झाल्या, परिणाम कुंडलिकेच्या काठावर दिसला. लष्करी तळ बंद होण्याची कथा जगात सर्वत्र अशीच असते. निर्णय दूर कोठे तरी होतो आणि ज्यांच्या उपजीविकेवर त्याचा घाव बसतो त्यांना कोणी विचारीत नाही.

नित्य गिऱ्हाइकाचे सुख आणि धोका

१९०१ च्या शिरगणतीत जालन्याची लोकसंख्या २०,२७० आणि नदीपलीकडील कादराबादची ११,१५९ होती. एवढ्या आकाराच्या गावाला पलटणीचे महत्त्व किती असेल, हे समजण्यास मोठ्या आकडेमोडीची गरज नाही. शेतकऱ्याच्या हाती पैसा सुगीनंतर येतो, शिपायाच्या हाती दरमहा. पाऊस पडो अथवा न पडो, घोड्यांना हरभरा आणि कडबा लागतोच. धान्य, तूप, कापड, किराणा, चामड्याचे सामान, भाड्याची घरे, हमाल आणि गाडीवान अशी मागणीची साखळी एका पगाराच्या दिवसाशी बांधलेली असते. निजामाच्या राज्यात हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार अशी दोन नाणी चालत. त्यांच्या वटावावर सराफांच्या पेढ्या उभ्या होत्या. छावणीच्या मुख्य पेठेला ‘सदर बाजार’ म्हणण्याचा त्या काळी प्रघात होता. जालन्यात हे नाव आजही नांदते आहे.

अशा गिऱ्हाइकाचे मोठे सुख म्हणजे निश्चिंतता, आणि त्याचा धोकाही त्या निश्चिंततेतच दडलेला असतो. पगारदाराची उधारी बुडत नाही, या समजुतीने खातेवहीत तिची रक्कम फुगत जाते. तारण घेतले जात नाही, मुदत पाळली जात नाही. पलटण हलली की ऋणकोही हलतो आणि शेकडो मैलांवर गेलेल्या शिपायाकडून वसुली करणे कोणत्याही मुनिमाच्या आवाक्याबाहेरचे असते. त्याच सुमारास घरांची भाडी उतरतात, म्हणजे ज्या मालमत्तेच्या आधारे नवे भांडवल उभारावयाचे तिचीच किंमत घसरते. विक्री, वसुली आणि तारण या तिन्ही बाजू एकाच महिन्यात ढासळतात. तळ बंद झाल्याचा खरा आर्थिक अर्थ हा आहे.

मोठ्या सावकारांनाही हा धडा फार पूर्वी मिळाला होता. हैदराबादच्या पामर आणि कंपनीने निजाम सरकारला फौजेच्या पगारासाठी भारी व्याजाने रकमा दिल्या. व्याजाचा दर पाहून ठेवीदार सुखावले. राजकारणाचे वारे फिरले आणि १८२४ साली पेढीची दारे बंद झाली. ऋणको कितीही थोर असला तरी सारे भांडवल एकाच दारी ठेवणे हा व्यापार नव्हे, एवढे त्या पेढीच्या इतिहासावरून शिकता येण्यासारखे होते.

एक हुकूम, तीन गावे

जालन्याप्रमाणे हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथेही कंटिंजंटची ठाणी होती. एकाच धोरणाचा फटका बसलेली ही तीन गावे पुढे वेगवेगळ्या वाटांनी गेली.

जालन्याच्या पदरी दोन गोष्टी आधीच होत्या. पहिली गोष्ट म्हणजे नदीपलीकडचे कादराबाद. ही पेठ मुळातच व्यापाराची होती आणि तिचे गिऱ्हाईक होते भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी. छावणी उठली तरी तो शेतकरी उठून जाणार नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे रेल्वे. १९०० च्या सुमारास मनमाडकडून हैदराबादेकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग जालन्यावरून सुरू झाला. छप्पनच्या दुष्काळाने पाठ मोडलेल्या मुलखात ही गाडी पोहोचली आणि पाठोपाठ तीनच वर्षांत पलटण गेली. लागोपाठचे दोन आघात सोसताना हाती असलेले साधन म्हणजे हा रूळ. जालन्याच्या बागांतील फळे त्या काळी मोठ्या प्रमाणावर बाहेरगावी जात, अशी नोंद तत्कालीन ज्ञानकोशात आहे. छावणीसाठी गावात माल आणणारा व्यापारी आता गावाचा माल बाहेर पाठवू लागला. धंद्याची दिशाच बदलली, आणि सावरण्याचे मर्म या बदलात आहे.

हिंगोलीने कापसाच्या बाजारपेठेवर आधार घेतला. रेल्वे तेथे काही वर्षे उशिरा पोहोचली. अंबाजोगाई शहराला रेल्वे आजही नाही. ती जवळच्या परळीला आहे. तथापि अंबाजोगाईने शिक्षणाची कास धरली आणि स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयामुळे आज दूरदूरच्या खेड्यांतील माणूस त्या गावी येतो. फळे, कापूस आणि विद्या, या तिन्ही मार्गांत एक सूत्र समान आहे. गेलेल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या जागी तसेच दुसरे शोधण्याऐवजी अनेक लहान गिऱ्हाइके जोडली गेली.

जालन्याची पुढील वाटचालही त्याच सूत्राची साक्ष देते. बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या ‘पुसा सावनी’ या वाणाच्या बियाण्यापासून आरंभ करून १९६४ साली महिको ही कंपनी स्थापली. त्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या धंद्याचे गिऱ्हाईक म्हणजे देशभर विखुरलेले असंख्य शेतकरी. एकाने पाठ फिरवली तर धंदा कोसळत नाही. पुढे पोलाद गाळणारे व सळई लाटणारे कारखाने आले. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाच्या कामावर द्राक्षबागा उभ्या केल्या. शंभर वर्षांपूर्वी जी फळे रेल्वेने बाहेर जात, त्यांचीच ही पुढची पिढी म्हणावयास हरकत नाही.

सुबिकचा अनुभव

तळ बंद झाल्यावर गाव योजनापूर्वक कसे उभे राहते, याचा आधुनिक काळातील बोलका दाखला फिलिपाइन्समधील सुबिक उपसागराचा आहे. तेथे अमेरिकेचा प्रचंड नाविक तळ होता आणि शेजारचे ओलोंगापो शहर त्यावर जगत होते. जून १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सारा परिसर राखेखाली गेला. सप्टेंबरमध्ये त्या देशाच्या सिनेटने तळाच्या मुदतवाढीचा करार फेटाळला. २४ नोव्हेंबर १९९२ रोजी शेवटचे अमेरिकन जहाज निघून गेले.

परंतु जहाज निघण्याच्या आधीच, मार्च १९९२ मध्ये, तळाच्या जमिनीचा विनियोग ठरविणारा कायदा संमत झाला होता. त्यानुसार सुबिकसाठी एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. महापौर रिचर्ड गॉर्डन यांच्या हाकेला ओ देऊन सुमारे ८,००० स्वयंसेवक विनावेतन पहाऱ्यास उभे राहिले. धावपट्टी, गोद्या, वीजघर, गोदामे यांतील एकही वस्तू चोरीस जाऊ नये, हा त्यांचा हेतू. रिकाम्या इमारतीची दारे-खिडक्या आधी जातात आणि नंतर तिची किंमत जाते, हे त्यांनी ओळखले होते. तयार गोद्या व धावपट्टी पाहून उद्योग आले. १९९५ मध्ये फेडेक्सने आपले आशियाई विमानकेंद्र तेथे थाटले.

या कथेचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. २००९ साली फेडेक्सने ते केंद्र चीनमधील ग्वांगझू येथे हलविले. नंतर हजारो कामगारांना रोजगार देणारी हांजिन ही जहाजबांधणी कंपनी २०१९ च्या आरंभी कर्जाखाली कोलमडली. सुबिक दोन्ही वेळा डळमळले, परंतु पडले नाही. एव्हाना तेथे लहानमोठे इतर अनेक उद्योग रुजले होते. लष्कर गेल्यावर मोठी कंपनी आली म्हणजे संकट टळले असे मानणाऱ्यांनी हा उत्तरार्ध लक्षात ठेवावा. एकाच कंपनीवर विसंबलेले गाव आणि एकाच पलटणीवर विसंबलेले गाव यांत अर्थशास्त्राच्या दृष्टीने फारसा भेद नसतो.

अमेरिकेत १९८८ पासून पाच फेऱ्यांत साडेतीनशेहून अधिक लष्करी ठिकाणे बंद झाली. तेथे प्रत्येक ठिकाणी स्थानिक पुनर्विकास संस्था नेमण्याची पद्धत आहे. जमिनीचा उपयोग कशासाठी व्हावा, याचा आराखडा ती संस्था करते. ऑस्टिन शहरानजीकचा बर्गस्ट्रॉम हवाई तळ १९९३ मध्ये बंद झाला आणि १९९९ मध्ये तेथे शहराचा नागरी विमानतळ सुरू झाला. मधली सहा वर्षे शहराने धीर धरला. पुनरुज्जीवन हे वर्षा-दोन वर्षांचे काम नाही, हे यावरून ध्यानात यावे.

महाराष्ट्रातील छावण्या

हा विषय केवळ इतिहासाचा नाही. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी अशा सात छावण्या आहेत आणि त्यांच्या बाजारपेठांत अनेक जैन कुटुंबांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. छावण्यांतील नागरी भाग शेजारच्या नागरी संस्थांत विलीन करण्याचे धोरण केंद्र सरकारने स्वीकारले आहे. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील खास योल ही छावणी त्यानुसार प्रथम रद्द झाली. येथे सैन्य निघून जात नाही, केवळ नागरी कारभार बदलतो. तरीही कर, बांधकामाचे नियम आणि मुख्यतः जमिनीचे हक्क या बाबी नव्याने समोर येतात.

छावणीतील अनेक मिळकती ‘ओल्ड ग्रँट’ पद्धतीच्या आहेत. या पद्धतीचे मूळ १८३६ च्या गव्हर्नर जनरलच्या आदेशात आहे. तीत इमारत धारकाची असते, परंतु जमीन सरकारची राहते. सरकार महिन्याची नोटीस देऊन व इमारतीची किंमत चुकवून जमीन परत घेऊ शकते. ज्या मिळकतीखालील जमीन आपली नाही तिच्यावर बँक सहजासहजी कर्ज देत नाही. म्हणून सावरण्याच्या कोणत्याही योजनेची पहिली पायरी कागदपत्रांची असते. मंजुरीपत्रे, भाडेपट्टे, वारसांची नोंद व कराच्या पावत्या वेळ असतानाच एकत्र करून ठेवणाऱ्या घराला पुढे भांडवल मिळते. इतरांना वकिलाची दारे झिजवावी लागतात.

योजनेचा पाया

जालना आणि सुबिक यांचे अनुभव एकत्र ठेवले असता कामांचा क्रम स्पष्ट होतो. कागदपत्रांनंतर दुसरे काम खातेवहीचे. मोठे गिऱ्हाईक जाण्याची चाहूल लागताच नवी उधारी आखडती घ्यावी, जुनी येणी हप्ते बांधून वसूल करावी आणि देणेकऱ्यांशी आधीच बोलून मुदत मागावी. संकट आल्यावर मागितलेल्या मुदतीपेक्षा आधी मागितलेल्या मुदतीने पत टिकते. तिसरे काम मालमत्तेच्या यादीचे. विहिरी, रस्ते, गोदामे, वीजजोडण्या यांपैकी मागे काय राहणार, त्याची राखण कोण करणार आणि तात्पुरता उपयोग कोणता, हे लेखी ठरलेले असावे. चौथे काम एकमुखी संस्थेचे. व्यापारी महासंघ, नगर परिषद, पतसंस्था आणि शेतकरी यांनी वेगवेगळी निवेदने देण्याऐवजी एकच आराखडा घेऊन शासनाकडे जावे. पाचवे काम माणसांचे. हिशेबनीस, शिंपी, गाडीवान, सुतार यांना नव्या धंद्याचे शिक्षण देण्याचा खर्च हा दानधर्म समजू नये. कसबी माणसे गाव सोडून गेली की उद्योग येऊनही उपयोग होत नाही.

या साऱ्यांच्या मुळाशी प्रमाणाचा प्रश्न आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एखाद्या बँकेला एकाच ऋणकोकडे गुंतवता येणारी रक्कम सामान्यतः तिच्या मूळ भांडवलाच्या २० टक्क्यांपर्यंत मर्यादित असते. ठेवीदारांच्या रक्षणासाठी बँकेवर हे बंधन आहे. कुटुंबाच्या दुकानावर असे बंधन कोणी घालीत नाही, ते घरातील कर्त्यानेच घालून घ्यावे लागते. परिग्रहाला मर्यादा घालण्याची शिकवण ज्या घरात लहानपणापासून मिळते, त्या घराला एका गिऱ्हाइकाच्या उधारीलाही मर्यादा घालणे अवघड वाटू नये.

आजच्या जालन्यात पलटण नाही, पण विजेच्या दरावर आणि भंगाराच्या भावावर हलणारा पोलाद उद्योग आहे, सरकारी खरेदीवर डोळे लावून बसलेला आडत बाजार आहे आणि एकाच मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरविणारी लहान घरेही आहेत. दर दिवाळीला वहीपूजन होते आणि नवी खातेवही उघडते. तिचे पहिले पान लिहिण्यापूर्वी जुन्या वहीतील एकूण येण्यापैकी किती रक्कम एकाच नावावर आहे, ती बेरीज करण्यास दहा मिनिटे पुरतात. १९०२ च्या दिवाळीत सदर बाजारातील ज्या दुकानदारांनी ती केली असेल, त्यांच्याच नातवंडांनी पुढे रेल्वेने माल बाहेर पाठवला असेल.