काटकसरीचे धडे कोणाला?

दरवर्षी ५ जून आला की सरकारी कचेऱ्यांत पर्यावरणाची शपथ घेतली जाते. नळ बंद करा, दिवे मालवा, कापडी पिशवी वापरा, असे सांगितले जाते. २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमधील एकतानगर येथे पंतप्रधानांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांच्या उपस्थितीत 'मिशन लाइफ' सुरू केले. पर्यावरणाला धरून जगण्याची सवय लोकांना लावायची, हा त्याचा हेतू. त्यासाठी प्रत्येकाने काय काय करावे याची ७५ कृतींची यादीही निघाली. या यादीशी आमचे भांडण नाही. पाणी वाचवू नका, असे कोण म्हणेल? पण ज्या वस्तीत दोन दिवसांआड तासभर पाणी येते, तिथल्या बाईला नळ बंद करायला कोण शिकवणार? उपदेश करण्यापूर्वी उधळतो कोण, हे सरकारने आधी ठरवावे.

आमच्या माहितीतले एक उदाहरण देतो. २०१८ च्या पावसाळ्यात एक भाजीवाली आमच्याकडे आली. हातात दंडाची पावती होती, ५,००० रुपयांची. गाडीवरचा सगळा माल विकला तरी एवढे पैसे उभे राहिले नसते. ती म्हणाली, "दादा, पिशवी नाही दिली तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जातं. मी काय पिशव्या बनवते का? बनवणाऱ्याला कोण धरतं?" कायद्याची पदवी असूनही त्या प्रश्नाला आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही.

प्लॅस्टिकबंदीला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगतो. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा तुंबलेल्या गटारांत या पिशव्या होत्या, आणि सखल भागातल्या झोपड्यांत पाणी आधी शिरले. कचऱ्याचे डोंगरही श्रीमंतांच्या सोसायटीशेजारी उभे राहत नाहीत, ते आमच्या वस्तीशेजारीच उभे राहतात. म्हणून बंदी हवीच. प्रश्न तिच्या अंमलबजावणीचा आहे.

महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० रुपये आणि तीन महिन्यांची कैद. हातगाडीवाला असो की मोठे दुकान, दंडाचा आकडा एकच. कारखान्यातच मालाला गुंडाळलेल्या वेष्टनाला मात्र बंदीतून वगळले होते. म्हणजे भाजीवालीची पिशवी गुन्हा ठरली आणि वेफर्सचे चकचकीत पाकीट सुटले. त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परतीची किंमत छापायची होती. रिकामी पिशवी देऊन ५० पैसे घेतलेला वाचक आम्हाला अजून भेटायचा आहे!

पुढे केंद्रानेही १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आणली. त्याच वर्षी, उत्पादकांनी आपल्या वेष्टनांचा कचरा परत गोळा करावा, अशी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे काढली. तत्त्व उत्तम आहे. प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर प्रकरणातच सांगितले होते. पण व्यवहारात काय झाले? पुनर्वापर केल्याची प्रमाणपत्रे विकत मिळू लागली, आणि २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सुमारे ६ लाख प्रमाणपत्रे बनावट आढळली. गरिबाची पिशवी रस्त्यावर पकडली जाते. कंपनीचा कचरा कागदावर नाहीसा होतो.

'साधे राहा, कमी वापरा' हा उपदेश आमच्या समाजाला नवा नाही. तो आम्हाला शतकानुशतके लाठीच्या जोरावर दिला गेला. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' ग्रंथात त्याचे दाखले दिले आहेत. अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यातून पाणी आणले म्हणून त्यांना मारहाण झाली. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी अस्पृश्यांच्या पंगतीत तूप वाढले म्हणून सवर्णांनी जेवण उधळले आणि जेवणाऱ्यांना झोडपले. काय खावे, काय नेसावे, कोणते भांडे वापरावे, हे आमच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवले. ज्याला वापरण्याचाच हक्क नाकारला, त्याला आता 'वापर कमी कर' म्हणताना राज्यकर्त्यांची जीभ जरा अडखळायला हवी. महाडच्या तळ्याचा १९२७ चा लढा हा वापराच्या हक्काचाच लढा होता.

आज या देशात सर्वांत जास्त वस्तू वाचवते कोण? पाठीवर पोते घेऊन कचरा वेचणारी बाई. त्यात बहुसंख्य दलित आहेत, हे सांगायला सर्वेक्षण नको. पुण्यात १९९३ साली या बाया कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झाल्या. पुढे त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि महापालिकेशी करार करून त्या दारोदार कचरा गोळा करू लागल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही वेचकांना ओळख देऊन व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. तरी २०२० च्या अखेरीस करार संपला तेव्हा या बायांना मुदतवाढीसाठी झगडावे लागले. ७५ कृतींपैकी किती तरी त्या रोज करतात. त्यांना शपथेची गरज नाही. त्यांना हातमोजे, दवाखाना, निवृत्तिवेतन आणि कायमचा करार हवा आहे.

मात्र आपणही आरशात पाहिले पाहिजे. १४ एप्रिलला चौकाचौकात लागणारे फ्लेक्स नंतर जातात कुठे? आपल्या नोकरदार वर्गाच्या लग्नात थर्माकोलच्या पत्रावळ्यांचा ढीग कोण उचलतो? बहुधा आपलीच बहीण उचलते. आनंद थेराला पाचशे चीवरे मिळाली, तेव्हा राजा उदयनाने विचारले, इतक्यांचे काय करणार? आनंदाने सांगितले की ती भिक्षूंत वाटू. जुनी झालेल्यांची पांघरुणे होतील, मग गाद्यांचे अभ्रे, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, शेवटी चिंध्या कुटून मातीत मिसळून जमीन लिंपू. मध्यम मार्ग तो हाच. उपासमारही नको आणि उधळपट्टीही नको.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. दंड ऐपतीप्रमाणे असावा, आणि आधी बनवणाऱ्याला, मग घाऊक विक्रेत्याला व्हावा. फेरीवाल्याकडून पिशवी काढून घेण्यापूर्वी त्याच भावात मिळणारी कापडी पिशवी त्याच्या हाती द्यावी. बचत गटांच्या महिलांना ते काम मिळेल. उत्पादकांनी कचऱ्यासाठी द्यायच्या पैशातला ठरलेला वाटा थेट वेचकांना मिळावा. आणि पाण्याच्या बचतीचा पहिला धडा जलतरण तलाव असलेल्या गृहसंकुलांत द्यावा.

त्या भाजीवालीचा दंड अखेर तिने उसने पैसे काढून भरला. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सरकारकडे अजून थकलेले आहे. ते वसूल करणे हे आपले, चळवळीचे काम आहे.