खोडावरची बुरशी ओळखायची कशी?

मित्रांनो, आपल्या शाळेच्या अंगणातला आंबा तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात तिसरीचा वर्ग त्याच्याच सावलीत भरतो. गेल्या श्रावणात त्याच्या बुंध्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तपकिरी फळीसारखी बुरशी उगवली. कोणी म्हणाले, "उपटून फेका." कोणी म्हणाले, "झाडच पाडा, पोरांच्या अंगावर पडायचं." गुरुजी म्हणाले, "आधी ती कोण आहे ते तर कळू द्या!" ते काम माझ्याकडे आले.

प्रथम मी आजोबांना विचारले. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी कोणती अळंबी खायची, हे त्यांना पक्के माहीत आहे. ते म्हणाले, "ही खायची नाही. अन् झाड ठोकून बघा, पोकळ वाजतं का ते." मग शाळेच्या कपाटातले पुस्तक काढले. त्यात छत्रीसारखी भूछत्रेच जास्त, तीही थंड देशांतली. मोबाईलवर तीन फोटो टाकले, तर नावे तीन आली! तेव्हा कळले, की नुसत्या चित्रावरून ओळख पटत नाही. चित्र फक्त अंदाज देते.

मग काय पाहायचे? मी वहीत अशी टिपणे केली :

१) झाड कोणते? जिवंत की वाळलेले?
२) बुरशी मुळाशी, खोडावर की फांदीवर?
३) खालची बाजू कशी? बारीक छिद्रे की पापुद्रे? (फोटो काढताना हीच बाजू आपण विसरतो.)
४) खालच्या पानांवर भुकटी पडली का? तिचा रंग कोणता?

आपल्या बुरशीला खाली पांढरी छिद्रे होती. नखाने ओरखडा काढला तर तपकिरी रेघ उठे. भुकटीही तपकिरी होती. एक तुकडा वाळवून कागदात बांधला, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत तो कुजतो. गुरुजींबरोबर तो कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे नेला. सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले, "ही गॅनोडर्मा." पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या बुरशींचा मोठा संग्रह आहे, हेही त्यांनी सांगितले. पश्चिम महाराष्ट्रातल्या गॅनोडर्मांवर 2010 साली एक शोधनिबंध निघाला आहे. आपल्याकडच्या झाडांसाठी परदेशी पुस्तकापेक्षा असे लिखाण जास्त उपयोगी पडते.

बाहेर दिसते ते बुरशीचे फळ. तिचे धागे आत लाकडात असतात. म्हणून फळ उपटले तरी बुरशी जात नाही. गॅनोडर्मा मुळे व बुंधा कुजवते, आणि वर पाने मात्र हिरवीगार राहू शकतात. म्हणूनच ती धोक्याची. वाळक्या ओंडक्यावरच्या बऱ्याच बुरशींचे तसे नाही. त्या लाकडाची माती करतात, त्यांना राहू द्यावे.

सरांनी येऊन बुंधा ठोकला. आजोबा म्हणाले होते तसेच, एका बाजूने पोकळ आवाज आला. अंगणाकडची जड फांदी उतरवली. तिसरीचा वर्ग आता निंबाखाली बसतो. आंबा उभा आहे, दर पावसाळ्यात आम्ही तो तपासणार आहोत.

पालकांना विनंती, घराजवळच्या झाडाच्या बुंध्याशी अशी फळी दिसली तर झाडाखाली खाट टाकू नका. आणि ओळख पटल्याशिवाय कोणतीही बुरशी खाऊ नका.

— इयत्ता ७ वीचा एक विद्यार्थी