तागाच्या पैशाचा हिशेब

फेब्रुवारी १९६६ मध्ये लाहोरला विरोधी पक्षांची बैठक भरली होती. तिथे पूर्व पाकिस्तानातील अवामी लीगचे नेते शेख मुजीबुर रहमान यांनी सहा मागण्या मांडायचे ठरवले. बैठकीने त्या विषयपत्रिकेवरही घेतल्या नाहीत. पाच वर्षांनी याच सहा मागण्यांपायी पाकिस्तान दुभंगले.

आपल्याकडे १९७१ आठवते ते डिसेंबरच्या युद्धामुळे. बंगाली राष्ट्रवाद म्हटले की १९५२ चे भाषा आंदोलन डोळ्यांपुढे येते, आणि ते योग्यच आहे. पण सहा कलमे नीट वाचली तर त्यातली निम्मी पैशाची आहेत: पूर्व पाकिस्तानचा पैसा पश्चिम पाकिस्तानकडे वाहून जाणार नाही अशी चलनव्यवस्था, करवसुलीचा अधिकार प्रांतांना, आणि परकीय चलनाची दोन वेगळी खाती. केंद्राकडे फक्त संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार ठेवायचे.

हा हिशेब का निघाला? पाकिस्तानला परकीय चलन मिळवून देण्यात पूर्व बंगालच्या तागाचा वाटा फार मोठा होता, पण नवे कारखाने कराचीकडे उभे राहत होते. १९५९-६० मध्ये पश्चिमेचे दरडोई उत्पन्न पूर्वेपेक्षा ३२ टक्के जास्त होते. दहा वर्षांत ही तफावत ६१ टक्क्यांवर गेली. ढाक्यातले रहमान सोभान यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ, एका देशात दोन अर्थव्यवस्था नांदत आहेत, असे उघड मांडू लागले होते.

बंगाल्यांचे बळ होते संख्येचे. देशातली निम्म्याहून जास्त लोकसंख्या पूर्वेत होती. ऑक्टोबर १९५८ मध्ये लष्करी कायदा आला, ठरलेल्या निवडणुका बारगळल्या आणि हे बळच निकामी झाले. लष्करशहा अयुब खानांच्या ‘मूलभूत लोकशाही’त राष्ट्राध्यक्ष निवडायचा तो ८०,००० प्रतिनिधींनी, दोन्ही भागांतून निम्मे निम्मे. लष्करात बंगाली अगदी थोडे. त्यामुळे सत्ता लष्कराकडे जाणे म्हणजे बंगाल्यांना दार बंद होणे. १९६५ च्या युद्धात पूर्वेच्या रक्षणाला पुरेसे सैन्यच नव्हते, हेही लोकांनी पाहिले. सहाव्या कलमातली स्वतंत्र निमलष्करी दलाची मागणी त्याच अनुभवातून आली.

सहा मागण्यांनंतर राजवटीने जे जे केले त्याने चळवळच वाढली. ७ जून १९६६ च्या हरताळात ढाका आणि नारायणगंजमध्ये गोळीबार झाला, त्यात कामगार मेले. १९६७ मध्ये रेडिओवर रवींद्रसंगीताला बंधन घालण्याची घोषणा झाली, आणि ज्यांना अर्थकारणात रस नव्हता ते कवी, गायक, प्राध्यापकही पेटून उठले. १९६८ मध्ये भारताच्या मदतीने पूर्व पाकिस्तान फोडण्याच्या, म्हणजे ‘आगरताळा कटा’च्या खटल्यात ३५ आरोपी उभे केले गेले, पहिले नाव मुजीब यांचे. देशद्रोहाच्या या आरोपाने ते साऱ्या प्रांताचे नेते झाले. जानेवारी १९६९ मध्ये असद हा विद्यार्थी नेता पोलिसांच्या गोळीने पडला, फेब्रुवारीत खटल्यातले आरोपी सार्जंट जहुरुल हक यांना कोठडीतच गोळी घातली गेली. २२ फेब्रुवारीला सरकारने खटला मागे घेतला. महिन्याभराने अयुब खान पायउतार झाले आणि लष्करप्रमुख याह्या खान सत्तेवर आले.

नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळाने लाखो माणसे गिळली. सरकारची मदत इतकी उशिरा आणि अपुरी होती की स्वायत्ततेसाठी आणखी युक्तिवादाची गरजच राहिली नाही. डिसेंबरमध्ये अवामी लीगने पूर्वेच्या १६२ पैकी १६० सर्वसाधारण जागा जिंकल्या. साऱ्या देशात तिला स्पष्ट बहुमत मिळाले.

१ मार्च १९७१ रोजी दुपारी याह्या खानांनी संसदेचे अधिवेशन पुढे ढकलले. ढाक्याच्या स्टेडियममध्ये क्रिकेटचा सामना चालू होता. बातमी कळताच प्रेक्षक सामना सोडून रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी ढाका विद्यापीठात विद्यार्थ्यांनी बांगलादेशाचा झेंडा फडकावला.