युद्धकालीन शिधावाटप आणि काळ्या-पांढऱ्या चित्रांची साक्ष

प्रस्तावना

एखाद्या व्यक्तीची बाह्यरेषा तेवढी कायम ठेवून आतील भाग काळ्या रंगाने भरला असता जे चित्र तयार होते, त्यास छायाकृती असे म्हणतात. या प्रकाराचे 'सिल्हूट' हे पाश्चात्त्य नाव १७५९ मध्ये फ्रान्सचे अर्थमंत्री असलेल्या एतिएन द सिल्हूट यांच्यावरून पडले. त्यांच्या काटकसरीच्या धोरणामुळे स्वस्त वस्तूंना त्यांचे नाव चिकटले, असे मानले जाते. कमी खर्चात व एकाच रंगात साकारणाऱ्या या कलेचे टंचाईशी असलेले नाते असे जुने आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातील अन्नटंचाईचे चित्रणही प्रामुख्याने काळ्या शाईतच झाले. प्रस्तुत लेखात चित्रकार चित्तप्रसाद यांच्या कार्याच्या आधारे या चित्रणाचा विचार केला आहे.

शिधावाटपाची पार्श्वभूमी

मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून जिंकले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. डिसेंबर १९४२ मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र अन्न खाते स्थापन केले. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. त्याच वर्षी अन्नधान्य धोरण समितीने एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत शिधावाटप करावे व प्रौढ व्यक्तीस दररोज एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, धान्य मिळावे, अशी शिफारस केली.

या शिफारशीतील लोकसंख्येची अट महत्त्वाची आहे. बुलढाणा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. खामगाव व मलकापूर ही कापसाची प्रसिद्ध बाजारपेठ असलेली गावेही या मर्यादेपासून फार दूर होती. म्हणजेच शिधापत्रिका ही प्रथमतः मोठ्या शहरांच्या रक्षणाची व्यवस्था होती. ज्वारी पिकविणारा ग्रामीण भाग तिच्या कक्षेबाहेर राहत होता. बंगालमध्ये या भेदाचे परिणाम भीषण झाले. कलकत्त्यातील अत्यावश्यक उद्योगांच्या कामगारांना मालकांमार्फत धान्य मिळत असताना खेड्यांतील शेतमजूर व कोळी उपाशी मरत होते. शासकीय चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख मानली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

चित्तप्रसाद यांची चित्रे

चित्तप्रसाद (१९१५-१९७८) यांनी जातिवाचक म्हणून आपले भट्टाचार्य हे आडनाव वापरणे सोडले होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी मिदनापूर जिल्ह्याचा दौरा केला. ऑक्टोबर १९४२ च्या चक्रीवादळाने हा जिल्हा आधीच उद्ध्वस्त झाला होता. या दौऱ्यातील रेखाटने व टिपणे 'हंग्री बेंगाल' या पुस्तिकेत प्रसिद्ध झाली. ब्रिटिश सरकारने तिच्या ५,००० प्रती जप्त करून नष्ट केल्या. कुटुंबाकडे वाचलेल्या एका प्रतीवरून २०११ मध्ये तिचे पुनर्मुद्रण झाले.

ही रेखाटने शुद्ध छायाकृती नाहीत. छायाकृतीत चेहरा लोपतो. चित्तप्रसाद मात्र काळ्या रंगातून चेहरा, बरगड्या व रिकामे भांडे बाहेर काढतात. शिवाय अनेक चित्रांसोबत त्यांनी त्या व्यक्तीचे नाव व हकीकत नोंदविली. शिधापत्रिकेच्या यादीत ज्यांना स्थान नव्हते, त्यांची नोंद अशा प्रकारे चित्रांत झाली. याच काळात कलकत्त्यात झैनुल आबेदिन यांनीही स्वस्त कागदावर काळ्या शाईने भूकबळींची चित्रे काढली.

चित्तप्रसाद यांचे दुसरे माध्यम म्हणजे लिनोकट. वऱ्हाडातील शेतकऱ्यास परिचित असलेल्या जवसाच्या तेलापासून लिनोलियम तयार होते. त्याच्या पृष्ठावर कोरलेला भाग पांढरा राहतो व न कोरलेला भाग शाई घेऊन काळा उमटतो. एका ठशावरून अल्प खर्चात अनेक प्रती निघत असल्याने हे माध्यम सामान्य माणसापर्यंत पोहोचणारे ठरले.

महाराष्ट्राशी संबंध

१९४० च्या दशकाच्या मध्यास चित्तप्रसाद मुंबईत आले व पुढे दीर्घकाळ अंधेरी येथे राहिले. मुंबईतून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकात त्यांची दुष्काळचित्रे येत असत. याच सुमारास अण्णा भाऊ साठे यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचून बंगालच्या दुष्काळाची व्यथा मराठी श्रमिकांपर्यंत पोहोचविली. चित्र आणि पोवाडा या दोन्ही माध्यमांनी दूरच्या प्रांतातील भूक महाराष्ट्राच्या अनुभवाचा भाग बनविली. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी चित्तप्रसाद यांनी कष्टकरी, वंचित बालकांवर लिनोकटांची मालिका केली. युद्ध संपले तरी भुकेचा प्रश्न संपला नव्हता, हे त्यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष

युद्धकालीन शिधावाटपाच्या इतिहासासाठी शासकीय अहवाल आवश्यक आहेत. परंतु अहवालात प्रामुख्याने यादीतील माणसे येतात. यादीबाहेरच्या माणसांसाठी काळ्या-पांढऱ्या चित्रांकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहावे लागते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानंतरही शिधापत्रिकेवर कोणाचे नाव आहे व कोणाचे नाही, हा प्रश्न महत्त्वाचाच आहे. त्यामुळे इतिहास, अर्थशास्त्र व चित्रकला या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांनी या चित्रांचा एकत्रित विचार करणे उपयुक्त ठरेल.