हरलेला डाव पुन्हा उघडा

आज बोलूया बुद्धिबळावर. आधी माझी कबुली. वर्षभर मी ऑफिसच्या बसमध्ये ३-३ मिनिटांचे डाव खेळलो. रेटिंग जिथल्या तिथं. हरलो की चिडून लगेच पुढचा डाव सुरू! म्हणजे बग न शोधताच प्रोग्राम पुन्हा पुन्हा रन करायचा, तसला प्रकार. दिवाळीत सहावीतल्या मावसबहिणीनं १७ चालींत मात दिली. वर म्हणाली, "दादा, तू विचारच करत नाहीस."

लागलं ते. मग सराव बदलला.

पहिलं, वेळ वाढवा. १५ मिनिटं आणि प्रत्येक चालीला वर १० सेकंद, असा डाव लिचेसवर फुकट खेळता येतो. दिवसाला एकच खेळा. चाल करण्याआधी दोन प्रश्न: समोरच्यानं ही चाल का केली? माझं कुठलं मोहरं फुकट जातंय? नवशिक्यांचे बहुतेक डाव इथंच जातात.

दुसरं, डाव संपला की आधी स्वतः चूक शोधा, इंजिन नंतर. इंजिन उत्तर देतं, पण तुम्ही तिथं काय विचार करत होतात, ते त्याला कुठं माहीत?

तिसरं, रोज १५ मिनिटं कोडी. अंदाजानं मोहरं हलवायचं नाही. शेवटपर्यंतच्या चाली डोक्यात दिसल्या, तरच स्क्रीनला बोट लावा.

चौथं, ओपनिंग पाठ करण्याआधी डावाचा शेवट शिका. हे मांडून बघा: पांढरा राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८. चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो, कारण राजा प्याद्याच्या पुढे आहे. आता राजा ई५ वर आणि प्यादं ई६ वर ठेवा. काळ्यानं नीट खेळलं तर बरोबरी! मोहरी तीच, फक्त जागा बदलल्या.

शेवट किती महत्त्वाचा, ते २०२५ च्या महिला विश्वचषकात दिसलं. बातुमीतल्या अंतिम सामन्यात नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखचे कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. ती जिंकली रॅपिड टायब्रेकमध्ये, आणि ग्रँडमास्टरही झाली.

आणि मी? गणपतीत बहिणीशी पुन्हा खेळलो. हरलोच. पण यावेळी तिला ४२ चाली लागल्या, आणि माझी चूक कितव्या चालीवर झाली, ते मीच तिला दाखवलं.

तर आजचा गृहपाठ: नवा डाव नको. काल हरलेला उघडा. भेटूया पुढच्या भागात!