विसरणे मोजणारे एबिंगहाउस

सकाळी पाठ केलेली कविता संध्याकाळी म्हणायला उभे राहावे आणि मधलीच ओळ आठवू नये, असे तुमचे कधी झाले आहे का? ती ओळ जाते कुठे? मनातून अगदी पुसली जाते, की आतच कुठेतरी दडून बसते? जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस यांनी याचा शोध घेतला.

त्यांचा जन्म १८५० साली बार्मेन या गावी झाला. त्या काळी पुष्कळ विद्वान म्हणत, स्मरणशक्ती मोजता येणार नाही. तिला तराजू लागत नाही, की फूटपट्टी लागत नाही. एबिंगहाउस यांना ते पटले नाही. १८७९ साली त्यांनी प्रयोग सुरू केले. प्रयोग करणारे तेच आणि पाठ करणारेही तेच!

‘आंबा’ म्हटले, की त्याचा रंग, वास, चव सारे आठवते आणि तो शब्द चटकन लक्षात राहतो. म्हणून त्यांनी अर्थ नसलेले सुमारे २,३०० छोटे शब्द तयार केले. बेफ, नुझ, लोश अशासारखे. घड्याळाच्या टिकटिकीवर, एकाच गतीने ते अशा शब्दांच्या ओळी वाचत. चूक न होता म्हणता येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचत. किती कंटाळवाणे काम! पण त्यांनी ते नेटाने केले.

आता विसरणे कसे मोजले, ते पाहा. समजा, एक ओळ पाठ करायला दहा मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी ती आठवत नाही. पण पुन्हा पाठ करायला सातच मिनिटे लागली. मग तीन मिनिटे वाचली ना? तेवढे मनात शिल्लक होते!

त्यांना दिसले, की विसरणे सुरुवातीला फार वेगाने होते. तासाभरातच निम्म्याहून अधिक मेहनत वाया जाई. पुढे मात्र वेग मंदावे. एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश शिल्लक राही, तर महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश उरे. आणखी एक गंमत त्यांना कळली. बारा शब्दांची ओळ एकाच दिवशी ६८ वेळा वाचून जेवढा उपयोग झाला, तेवढाच ती तीन दिवसांत मिळून ३८ वेळा वाचून झाला.

हे सारे त्यांनी १८८५ साली पुस्तकात लिहिले. २०१५ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिल्याचे प्रसिद्ध केले. उत्तर जवळजवळ तेच आले.

एबिंगहाउस यांनी तरुणपणी बायरन या इंग्रज कवीची काही कडवी पाठ केली होती. बावीस वर्षांनी त्यांनी ती पुन्हा हाती घेतली. एकही ओळ ओळखीची वाटेना. तरीही नव्या कडव्यांपेक्षा ती थोड्या कमी वेळात पाठ झाली.