चित्रपट-अर्थसाहाय्याची कागदपत्रे

स्वतंत्र निर्मात्याने चित्रपटासाठी कर्ज, अनुदान वा भांडवल मिळविण्याकरिता सादर करावयाचा कागदपत्रांचा संच. प्रस्थापित चित्रपटसंस्थेचा लौकिक, नामांकित नट आणि वितरकांकडून येणारी आगाऊ रक्कम हेच तिचे तारण असते. स्वतंत्र निर्मात्याजवळ यांपैकी बहुधा काहीच नसते. शिवाय जी वस्तू अद्याप अस्तित्वात नाही, तिच्यावर त्याला पैसे मागावयाचे असतात.

दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांच्यापुढे हाच प्रश्न होता. विमापत्रांवर कर्ज काढून ते १९१२ मध्ये लंडनला गेले. परतल्यावर कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची रोज एक चौकट टिपून त्यांनी अंकुराची वाढ हा लघुपट तयार केला व निवडक मंडळींना दाखविला. त्यावरून कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही कामी आले. राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. प्रस्तावासोबत आज जोडली जाणारी नमुना-चित्रफीत ही या लघुपटाचीच वंशज म्हणावी लागेल.

स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीच्या १९५१ मधील अहवालात चित्रपटांसाठी अर्थसंस्थेची शिफारस होती. त्यानुसार १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन झाले. भुवन शोम (१९६९) हा त्याच्या साहाय्याने निघालेला गाजलेला चित्रपट. १९८० मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. सावकाराच्या ओळखीची जागा अशा संस्थांत पटकथा व अंदाजपत्रक यांच्या छाननीने घेतली.

संचात कथासार, पटकथा आणि दिग्दर्शकाचे निवेदन यांना अग्रस्थान दिले जाते. तथापि कसोटीचे कागद हक्कांचे असतात. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीयुक्त असावे लागते. करारात मुदत नमूद नसल्यास ती ५ वर्षांची आणि प्रदेश नमूद नसल्यास हस्तांतरण भारतापुरतेच मानले जाते. कादंबरीकाराच्या तोंडी संमतीवर किंवा चार ओळींच्या चिठ्ठीवर विसंबणारा निर्माता म्हणूनच अडचणीत येतो : चित्रपट पूर्ण होतो, पण परदेशी विकता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनातील लेखक व संगीतकारांचा वाटा करारानेही काढून घेता येत नाही. उत्पन्नाचा अंदाज त्यास धरूनच करावा लागतो.

अंदाजपत्रक पटकथेचे दृश्यवार विभाजन करून व चित्रीकरणाच्या वेळापत्रकाशी जुळवून तयार करतात. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील कसारा येथे घडणारी कथा घेतल्यास याचे महत्त्व ध्यानी येते. मुंबईपासून सु. १२० किमी. वरील या स्थानकापर्यंत उपनगरी गाड्या येत असल्याने दिवसाच्या कामात निवासखर्च वाचेल; परंतु रात्रीच्या दृश्यांना ही सोय उपयोगी पडत नाही. फलाट व घाटमार्गासाठी रेल्वेची, तर तानसा अभयारण्याच्या परिसरासाठी वनखात्याची परवानगी लागते. मुरबाड तालुक्याच्या बाजूला माळशेज घाटातील पावसाळी दृश्ये हवी असतील, तर धुके व अतिवृष्टी यांमुळे वाया जाणारे दिवस आधीच धरले पाहिजेत. अनपेक्षित खर्चासाठी सामान्यतः एकूण रकमेच्या १० टक्के तरतूद ठेवतात. ती गाळून आकडा लहान दाखविण्याचा मोह अनेकांना होतो. अनुभवी अर्थसाहाय्यकाच्या नजरेतून मात्र ही त्रुटी क्वचितच सुटते.

निधी-योजनेत कोणती रक्कम हाती आली, कोणती कबूल झाली व कोणती केवळ अपेक्षित आहे, हे वेगळे दाखवावे लागते. महाराष्ट्र शासनाचे मराठी चित्रपटांचे अनुदान पूर्ण झालेल्या चित्रपटाचे परीक्षण करून दिले जात असल्याने ते निर्मितीच्या भांडवलात धरणे धोक्याचे असते. याउलट चैतन्य ताम्हाणे यांच्या कोर्ट (२०१४) या चित्रपटास पटकथेच्या टप्प्यावरच नेदर्लंड्समधील ह्यूबर्ट बाल्स निधीचे साहाय्य लाभले होते.

परतफेडीचा क्रम, म्हणजे उत्पन्नातून प्रथम कोणास व किती मिळावयाचे, हाही लेखी ठरवावा लागतो. फिल्मच्या काळात अर्थसाहाय्यक रसायनशाळेचे पत्र घेत असे; त्याच्या संमतीवाचून रसायनशाळा प्रती बाहेर देत नसे. कर्ज न फिटल्यास मूळ निगेटिव्ह तेथेच अडकून पडे. अंकीय प्रतींच्या काळात त्या पत्राची जागा हक्कांच्या गहाणखताने आणि मूळ संचिका कोणाच्या ताब्यात राहतील यासंबंधीच्या कराराने घेतली आहे.